‘आता किती शहाणा झालाय’ म्हणणाऱ्या सगळ्यांना

प्रति,
पुण्यातल्या आणि आसपासच्या विशेष शाळा, प्रौढांच्या कार्यशाळा आणि निवासी गृहं चालवणारे विश्वस्त, मुख्याध्यापक, स्पेशल एज्युकेटर, तिथल्या मावशी आणि काका, आणि दिव्यांग कल्याण आयुक्तालयातले साहेब आणि मॅडम,

नमस्कार.

माझा धाकटा भाऊ ३६ वर्षांचा आहे. सर्टिफिकेटवर ‘मध्यम बौद्धिक दिव्यांगता’, बोलणं दोन-तीन शब्दांचं, समजणं त्याच्या कितीतरी पुढचं. त्याचं नाव इथे लिहीत नाही. तुझ्याबद्दल लिहू का असं विचारलं तर तो ‘हां’ म्हणाला, पण तो सगळ्यालाच हां म्हणतो, त्यामुळे त्या परवानगीला किती अर्थ आहे ते माझं मलाच कळत नाही. त्या ‘हां’ बद्दल पुढे लिहितेच.

आधी एक शब्दाचा घोळ मिटवते, कारण आमच्या पालकांच्या ग्रुपवर यावरून नेहमी गोंधळ होतो. इंग्लंडमधल्या लेखांत ‘लर्निंग डिसॅबिलिटी’ असं लिहिलेलं असतं ते आपल्याकडच्या डिस्लेक्सियाबद्दल, म्हणजे वाचण्या-लिहिण्यातल्या अडचणीबद्दल नसतं, आपण ज्याला बौद्धिक दिव्यांगता म्हणतो आणि आजी-आजोबांच्या काळात मतिमंद म्हणायचे, त्याबद्दल असतं. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि त्यात या दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्यात. मी बोलतेय ते बौद्धिक दिव्यांगतेबद्दल.

तर एप्रिल २०२१. आई कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली. हॉस्पिटलमधून थेट वैकुंठ स्मशानभूमीत, मी आणि चुलतभाऊ लांबून हात जोडून परत आलो. घरी आल्यावर भावाला काय सांगायचं यावर बाबा, मी, आत्या अर्धा तास बोललो असू आणि ठरलं काय तर ‘आई गावाला गेली’. त्याला काय कळणार, उगाच त्रास कशाला. अस्थी आळंदीला इंद्रायणीत सोडल्या तेव्हाही त्याला नेलं नाही, शेजाऱ्यांकडे टीव्हीसमोर बसवून गेलो. म्हणजे ज्या बाईने ३२ वर्षं त्याला रोज भरवलं, आंघोळ घातली, ती एक दिवस खोकत खोकत रिक्षात बसली आणि संपलं, त्याच्या बाजूने गोष्ट एवढीच आहे.

आई साडेपाचला भाजी घेऊन यायची, म्हणून तो रोज साडेपाचला गॅलरीत उभा राहायचा. मग रात्री ओरडणं सुरू झालं, स्वतःचं मनगट चावणं, शर्टाची बटणं तोडणं. लॉकडाऊन उठल्यावर तो जायचा ती मोठ्या दिव्यांगांची कार्यशाळा सुरू झाली आणि तिथे दुसऱ्याच आठवड्यात त्याने पणत्यांच्या रंगाचा अख्खा डबा फेकला, एका मुलीच्या अंगावर. मला बोलावून सांगितलं, बिहेविअर फार वाढलंय, दोन महिने घरी ठेवा मग बघू. त्यांच्या फाईलमध्ये फॅमिली हिस्टरीच्या रकान्यात आईच्या नावापुढे कुणीतरी ‘एक्स्पायर्ड’ लिहिलं होतं, मीच सांगितलेलं. तो रकाना आणि तो डबा यांचा संबंध असू शकतो हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि खरं सांगते, माझ्याही आलं नाही. सायकियाट्रिस्टने मला प्रश्न विचारले, त्याला एकही नाही, आणि रिस्पेरिडोन नावाची मनोविकारावरची गोळी लिहून दिली. तो झोपाळला, वजन वाढलं, ओरडणं कमी झालं. गॅलरीत उभं राहणं तेवढं थांबलं नाही. गोळी वाईट असं मी म्हणत नाही, काही घरांना तिनेच तारलंय. पण गोळी लिहिण्याआधी घरात एवढ्यात काय झालं हा प्रश्न विचारायला अर्धा मिनिट लागतो.

याला इंग्रजीत ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात आणि हा शब्द १९८२ पासून आहे. आपल्या भाषेत सांगायचं तर एकदा कपाळावर मतिमंदचा शिक्का बसला की दाढ दुखली काय, आई मेली काय, सगळं त्या शिक्क्याच्याच खात्यात जमा होतं. ‘ही मुलं अशीच असतात.’ हे वाक्य मी गेल्या चार वर्षांत इतक्यांदा ऐकलंय, आणि म्हणणारे बहुतेक सगळे चांगले लोक होते.

जून २०२२ मध्ये आम्ही हरलो. बाबा ७० च्या पुढे, माझी नोकरी, सोसायटीतून चिठ्ठ्या यायला लागलेल्या. पुण्यापासून दीड तासावरच्या एका निवासी संस्थेत त्याला ठेवलं. महिन्यातून एकदा भेट, तीही भेटीच्या खोलीत. पहिल्या दोन-तीन महिन्यांत तो मला पाहून रडायचा, बॅग उचलायचा. नंतर नंतर खुर्चीत ताठ बसायला लागला, दोन्ही हात गुडघ्यांवर, चेहऱ्यावर हसू. तिथले अधीक्षक म्हणाले, ‘बघा ताई, आता किती शहाणा झालाय.’ आणि आम्हाला बरं वाटलं हो. पुढच्या वेळी आम्ही चितळ्यांचे पेढे घेऊन गेलो होतो, सगळ्या स्टाफसाठी.

हे पत्र मुळात त्या पेढ्यांमुळे लिहितेय.

दिवाळी २०२३ ला त्याला घरी आणलं. पाणी प्यायला उठायचा नाही, सांगेपर्यंत तहानलेला बसून राहायचा. सकाळी पलंगाशेजारी उभा, कुणी ‘चल’ म्हणेपर्यंत. बाथरूमचं दार लावू द्यायचा नाही, त्यामुळे घरात सगळ्यांची पंचाईत. भाऊबीजेला त्याच्या हातून करंज्यांची ताटली पडली, फुटली, आणि त्याने काय केलं तर उजवा हात पुढे केला, तळवा वर, आणि डोळे मिटले. बाबांना वाटलं प्रसाद मागतोय, ते म्हणाले अरे खाली पडलेलं नको खाऊ. मी शाळेत असताना आमच्या एका बाईंकडे लाकडी पट्टी होती, त्यामुळे मला तो हात ओळखीचा वाटला. दिवाळीनंतर त्याला परत पाठवलं नाही.

तिथे नेमकं काय झालं ते मला आजही माहीत नाही. कळणारही नाही बहुधा. संस्थेत विचारलं तर म्हणाले, तुमचा भाऊ असं सांगतो का, मग? भावाला घेऊन पोलीस चौकीत गेले, तिथले हवालदार भले होते, त्याला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि विचारलं, तुला मारलं का? हां. म्हणजे नाही ना मारलं? हां. कोणी मारलं, या ताईंनी मारलं का? हां. वही मिटली. बौद्धिक दिव्यांग माणसं पुष्कळदा समोरच्याला खूश ठेवायला हो म्हणतात हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक असलेलं सत्य आहे, आणि तरी आपण जबाब त्याच पद्धतीने घेतो. लहान मुलांसाठी २०१२ च्या पॉक्सोमध्ये, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यात, निदान स्पेशल एज्युकेटरची मदत घेता येते असं लिहिलंय. मोठ्यांसाठी २०१६ च्या कायद्यात कलम ७ आहे, त्यात छळाची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्याला देऊ शकतं, म्हणजे आपल्याकडे तहसीलदार किंवा प्रांत, आणि कलम ९२ मध्ये सहा महिने ते पाच वर्षं शिक्षा आहे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, चौकीतही कुणी सांगितलं नाही, आणि तुमच्यापैकी कुठल्या संस्थेच्या भिंतीवर ते लावलेलं मी बघितलेलं नाही. वाढदिवसाला जेवण द्या, अमुक रुपये, हा बोर्ड मात्र सगळीकडे दिसतो.

आता मुद्दा. ट्रॉमा, म्हणजे मनावर बसलेला घाव, म्हटलं की तुम्हाला बलात्कार, मारहाण असं मोठं काहीतरी डोळ्यासमोर येतं. ते असतंच, उगीच नाही, २०१२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात मानसिक किंवा बौद्धिक दिव्यांगता असलेल्या मुलांना लैंगिक अत्याचाराचा धोका इतर मुलांच्या ४.६ पट निघाला. पण आई न सांगता नाहीशी होणं हाही ट्रॉमाच. दर सहा महिन्यांनी मावशी बदलणं हाही. बीएडच्या ताई महिनाभर येतात, जीव लावतात, सेल्फी काढतात आणि सबमिशन झालं की गायब, हाही छोटासा का होईना. माणसाला धोका वाटला की शरीर लढतं, पळतं किंवा थिजतं. लढणाऱ्याला आपण ‘अग्रेसिव्ह’ म्हणतो, पळणाऱ्याला ‘हायपर’. आणि थिजणाऱ्याला शहाणा म्हणतो.

लंडनला व्हॅलरी सिनासन नावाच्या बाई अशा माणसांवर मानसोपचार करायच्या, त्यांनी या कायमच्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल लिहिलंय, की ते हसू आनंदाचं नसतं, समोरच्या धडधाकट माणसाने रागावू नये म्हणून लावलेलं असतं. मी ते वाचलं आणि भेटीच्या खोलीतला भाऊ आठवला. तुमच्या वार्षिक अहवालांच्या कव्हरवर कसले फोटो असतात ते एकदा बघा.

आणि हे काही एका वाईट संस्थेचं प्रकरण नाही. आपल्याच पुण्यात फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं ससून रुग्णालयात काढली गेली होती, मासिक पाळीची स्वच्छता त्यांना जमत नाही म्हणून. महिला संघटना रस्त्यावर आल्या तेव्हा ते थांबलं. चर्चा खूप झाली, डॉक्टर बोलले, पालक बोलले, वकील बोलले. त्या मुलींना काय वाटलं हे कुणी विचारलेलं मला तरी कुठे वाचायला मिळालं नाही. त्यातल्या ज्या आज असतील त्या पन्नाशी-साठीत असतील, कुठल्यातरी गृहात, कुठल्यातरी कॉटवर. एखादी हॉस्पिटलला न्यायची म्हटली की किंचाळत असेल, आणि नवीन मावशी फाईलमध्ये लिहीत असेल, ‘हट्टी आहे’.

कायद्याने बौद्धिक दिव्यांगता हा मानसिक आजार नाही, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तो व्याख्येतूनच बाहेर ठेवलाय आणि ते बरोबरच आहे. पण त्याचा अर्थ व्यवहारात असा झालाय की यांना मनच नसतं. समुपदेशन म्हटलं की ‘पण तो बोलत नाही ना’. अहो, बोलता न येणाऱ्याशी बोलायच्या शंभर रीती तुम्हीच मला शिकवल्यात, चित्रं, कार्डं, खुणा. त्या शू लागली, भूक लागली एवढ्यावरच का थांबतात? ‘भीती वाटली’ चं कार्ड मी एकाही किटमध्ये पाहिलं नव्हतं, शेवटी मीच काढलं, इतकं वाईट निघालंय की भाऊ त्याला माकड म्हणतो. पण वापरतो.

आता तो दुसऱ्या कार्यशाळेत जातो. तिथे सुरुवातीला रोज घोळ व्हायचा, कागदी पिशव्या चिकटवता चिकटवता हा मधेच ताडकन उभा, हात बाजूला, आणि दोनदा पँटमध्ये शू झाली. जुनी पद्धत म्हणजे एबीसी चार्ट, वागण्याआधी काय झालं, वागला कसा, नंतर आपण काय केलं, मग नीट वागला तर बक्षीस म्हणून टोकन, नाही तर टाइम आऊट, म्हणजे वेगळं बसवणं. तिथल्या एका तरुण ताईने चार्टच भरला, पण तिने रकान्यात ‘विनाकारण’ लिहिलं नाही. आठवडाभर बघत राहिली. तिच्या गळ्यात कपाटाच्या किल्ल्यांची दोरी असते, ती चालली की किल्ल्या वाजतात, आणि किल्ल्या वाजल्या की हा उभा. दुसऱ्या दिवसापासून किल्ल्या पिशवीत, रुमालात गुंडाळून. बस एवढंच. शू थांबली. खर्च शून्य. तुमच्या चार्टमधला ‘ए’ पाच मिनिटांपूर्वीचा असतो, याचा ‘ए’ दीड वर्षापूर्वीचा होता आणि दुसऱ्याच इमारतीतला. आणि बघा, किल्ल्यांमागे काय आहे, कुठली खोली, कोण माणूस, हे तिला कळलं नाही आणि कळायची गरजही पडली नाही. आधी पुरावा आणा मग आम्ही जपून वागू, असं काही नसतं.

अमेरिकेत साम्हसा म्हणून सरकारी संस्था आहे, तिने २०१४ मध्ये ट्रॉमा लक्षात घेऊन कसं काम करायचं ते मांडलंय, त्यातली शेवटची गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, की आपल्याच कामातून ती जखम पुन्हा उघडू नये हे बघा. त्या हिशोबाने माझं मागणं काय ते सांगते. प्रवेशाच्या वेळी तुम्ही केस हिस्टरी घेता, त्यात जन्मल्यावर लगेच रडला का, फिट आली का, मान कधी धरली, हे ३६ वर्षांच्या माणसाबद्दलही विचारता. त्यात अजून एक पान लावा. आधी कुठे राहिलाय, घरातलं कोण गेलं आणि त्याला ते सांगितलं का, कशाला घाबरतो, घाबरला की कसा दिसतो, कशाने निवतो. हात लावण्याआधी सांगा, अगदी तोंड पुसायचं असलं तरी. मावशी बदलणार असेल तर आठवडाभर आधी सांगा आणि तिला नीट निरोप घेऊ द्या, रडारड झाली तर होऊ दे. टाइम आऊटच्या नावाखाली कोंडणं बंद करा, खोलीला ‘शांत कोपरा’ नाव दिलं आणि बाहेरून कडी लावली तर ती कोठडीच. हो-नाहीचे प्रश्न विचारू नका, दोन चित्रं समोर ठेवा आणि निवडू दे, आणि नंतर तीच चित्रं उलट जागी ठेवून परत विचारा. गणपतीच्या आधी सगळ्यांना नदीपात्रात ढोल-ताशाची प्रॅक्टिस बघायला न्यायची हौस असते, ठीक आहे, आमचा भाऊसुद्धा आरती बेंबीच्या देठापासून म्हणतो, पण ज्याला तो आवाज सोसत नाही त्याला ‘सवय होईल’ म्हणून पहिल्या रांगेत उभा करू नका.

आणि आयुक्तालयाला एकच. तपासणीला येता तेव्हा हजेरीपट, शिधा, संडास, अग्निशमन बघता, बघाच. पण तुम्ही येणार हे आधी कळलेलं असतं आणि चादरींच्या घड्या अजून मोडलेल्या नसतात. कधीतरी रात्री नऊला या. सोबत त्या संस्थेशी संबंध नसलेला स्पेशल एज्युकेटर आणा, चित्रकार्डं घेऊन. आणि सगळ्यात शांत जो बसलाय त्याच्याशी आधी बोला. स्पेशल एज्युकेटरना नोंदणी टिकवायला सीआरईचे, म्हणजे नोकरीत असताना घ्यायच्या प्रशिक्षणाचे, पॉइंट लागतातच, त्यात हा विषय आणणं काही अवघड नाही, ही नोंदणी करणाऱ्या भारतीय पुनर्वास परिषदेला पत्र तुमच्याकडून गेलं तर त्याला वजन येईल, माझ्या पत्राला नाही.

मावशींबद्दल लिहिलं नाही तर हे पत्र खोटं ठरेल. एक बाई, बारा तास, पंधरा मोठी माणसं, पगार घरकामाला जाणाऱ्या बाईपेक्षा कमी. त्यांना चावलं जातं, बोचकारलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी ‘कशी आहेस’ कुणी विचारत नाही, ‘काल डायपर का नाही बदललं’ विचारतात. भावाला मारणारा जो कोणी असेल त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण रात्री त्या मजल्यावर एकटा माणूस ठेवण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता, तो मीटिंगमध्ये चहा-बिस्किटांबरोबर झाला होता. मावशींना सुट्टी द्या, जोडीला दुसरं माणूस द्या, आठवड्यातून अर्धा तास त्यांना मनातलं बोलू द्या. दमलेल्या, घाबरलेल्या माणसाकडून दुसऱ्याला धीर कसा मिळणार?

आईचं राहिलं. गेल्या वर्षी तिच्या तिथीला भावाला आळंदीला नेलं. घाटावर फोटो दाखवून मी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला, आई मेली, गावाला नाही गेली, ती आता येणार नाही. वारली, देवाघरी गेली असलं काही म्हणू नका असं कार्यशाळेतल्या त्या किल्ल्यांच्या ताईनेच बजावलं होतं, देवाच्या घरून माणूस परत येऊ शकतं ना. तो ‘हां’ म्हणाला. मग बराच वेळ पाण्याकडे बघत बसला आणि म्हणाला, ‘खोकला.’ तीन वर्षांनी. त्याला रिक्षा, खोकला सगळं लख्ख आठवत होतं आणि आम्ही म्हणत होतो त्याला काय कळतंय. साडेपाचला गॅलरीत जाणं त्यानंतर कमी झालंय, पूर्ण थांबलेलं नाही, कधी कधी मीही जाऊन उभी राहते.

केस हिस्टरीत लावायच्या त्या एका पानाचा नमुना आम्ही चार-पाच पालकांनी मिळून केलाय, मराठीत आहे, दोन्ही बाजूंनी छापून होतं. ज्या संस्थेला हवं असेल तिला मी स्वतः आणून देईन, शनिवारी मला सुट्टी असते. भावाच्या पानावर ‘कशाला घाबरतो’ च्या पुढे आत्ता किल्ल्या, बाथरूमचं बंद दार, पांढरी टेम्पो ट्रॅव्हलर एवढं लिहिलंय. टेम्पो ट्रॅव्हलरचं गेल्याच महिन्यात कळलं.

आपली,
एक ताई
सिंहगड रोड, पुणे